डॉक्टरांसोबत शॅडोइंगचा पहिला आठवडा: घेतलेल्या वस्तूंपैकी कामाला काय आलं

शॅडोइंगला जायच्या आधी, ज्या डॉक्टरांसोबत जाणार होते त्या मॅडमना फोन करून विचारलं, "येताना काय काय आणू?" त्या म्हणाल्या, "पाच तास उभं राहता येईल असे बूट घाल, पोटभर खाऊन ये, आणि फोन बॅगेत ठेव. बाकी काही नको." तरी मी नऊ वस्तू विकत घेतल्या: बूट, गुडघ्यापर्यंतचे घट्ट मोजे, पांढरा कोट, स्टेथोस्कोप, खिशात मावणारी वही, पेनांचं पाकीट, सेकंदकाट्याचं घड्याळ, छोटी टॉर्च आणि सॅनिटायझरची बाटली. आठवडा सुरू झाल्यावर आणखी दोन वस्तूंची गरज पडली, आणि सगळ्यात मोलाच्या त्याच दोन ठरल्या. पहिल्यांदा जाणाऱ्या कुणालातरी खरेदीआधी हे वाचायला मिळावं, म्हणून लिहिते आहे.

मी अजून मेडिकलला गेलेली नाही. जायचं का, हे ठरवण्याच्या टप्प्यावर आहे. मॅडम फिजिशियन आहेत. चार दिवस त्यांच्या ओपीडीत आणि वॉर्डच्या राउंडला, आणि एक दिवस ड्रेसिंग रूममध्ये, असा माझा आठवडा होता. शॅडोइंग म्हणजे डॉक्टरांच्या मागे सावलीसारखं राहायचं. बघायचं आणि ऐकायचं. आपणहून पेशंटला हात लावायचा नाही, सल्ला द्यायचा नाही, कुणी मत विचारलं तरी द्यायचं नाही. त्यामुळे इंटर्न किंवा मेडिकलच्या विद्यार्थ्यांसाठी केलेल्या सामानाच्या याद्या इथे लागू पडत नाहीत. मी नेमकी तशीच एक यादी धरून खरेदी केली होती.

बुटांपासून सुरुवात करते. मी घेतलेले बूट काळे, बिनलेसचे, वरून गुळगुळीत सिंथेटिकचे आणि रबरी तळव्याचे आहेत. जाळीचे बूट हलके वाटतात, पण घेऊ नका. ड्रेसिंग रूममध्ये काहीही सांडू शकतं, सुई पडू शकते, आणि जाळीतून ते थेट पायापर्यंत येतं. पूर्ण बंद, भोकं नसलेले आणि ओल्या फडक्याने पुसता येतील असेच हवेत. बूट संध्याकाळी घालून बघा. दिवसभरात पाय थोडे सुजतात, सकाळी नीट बसलेला बूट दुपारी बोटांना चावायला लागतो. मी संध्याकाळीच घेतले होते, त्यामुळे तो त्रास झाला नाही.

त्रास झाला तो आवाजाचा. नुकत्याच पुसलेल्या फरशीवर नव्या रबराचा चुईं चुईं असा आवाज येतो. सोमवारी राउंडला आम्ही एका खोलीत गेलो. पेशंट नुकताच झोपला होता आणि त्याची बायको उशाशी बसून होती. माझ्या दुसऱ्याच पावलाला तिने दचकून माझ्या पायांकडे बघितलं. रात्रभर जागलेल्या माणसाची ती नजर होती. त्या संध्याकाळी मी खडबडीत रस्त्यावर तासभर चालले, दुसऱ्या दिवशीही चालले, तेव्हा तळवा जरा घासला गेला आणि आवाज थांबला. म्हणजे बूट आदल्या दिवशी घेऊन चालत नाहीत. निदान आठवडाभर आधी घ्या आणि रोज वापरा. एरवी, पाचही दिवस पाच-पाच तास उभं राहून टाचा दुखल्या नाहीत. ओपीडीतली दोन स्टुलं पेशंट आणि नातेवाईक यांच्यासाठी असतात, आपल्याला बसायला मिळेल हे गृहीत धरू नका. बुटांना ५ पैकी ४, आवाज नसता तर ५.

मोज्यांबद्दल लोक बरंच विचारतात, म्हणून बुधवारची गोष्ट सांगते. ड्रेसिंग रूममध्ये मधुमेहामुळे झालेली पायाची जखम साफ करायची होती. मला रक्ताची भीती वाटत नाही असं मी मनाशी पक्कं धरून गेले होते. जखम बघून खरंच काही वाटलंही नाही. पण सिस्टरनी कडेची मेलेली कातडी कात्रीने कापायला घेतली तेव्हा आधी जांभई आली, मग मान आणि पाठ गरम झाली, हाताला घाम फुटला, आणि आवाज लांबून येत असल्यासारखे वाटायला लागले. हे मी आधी वाचून ठेवलं होतं म्हणून ओळखलं. अशा वेळी व्हेगस नावाच्या मज्जातंतूमुळे हृदयाचे ठोके मंदावतात, रक्तवाहिन्या सैलावतात, रक्तदाब एकदम खाली येतो आणि मेंदूला रक्त कमी पडतं. त्याचा धीटपणाशी संबंध नाही. पहिल्यांदा बघणाऱ्या कुणालाही होऊ शकतं, आणि रिकाम्या पोटी, उकाड्यात, एकाच जागी ताठ उभं राहिल्यावर जास्त सहज होतं.

मी म्हणाले, "सिस्टर, मला गरगरतंय." त्यांनी मानही न उचलता सांगितलं, "भिंतीला टेकून खाली बस. खालीच, स्टुलावर नको." मी जमिनीवर बसले, डोकं गुडघ्यांवर टेकवलं, आणि दोन-तीन मिनिटांत सगळं परत जागेवर आलं. स्टूल नको म्हणण्याचं कारण त्यांनी नंतर सांगितलं: स्टुलावरून पडलं तर डोकं आपटतं, आणि मग एकाऐवजी दोन पेशंट सांभाळावे लागतात. "सांगितलंस ते बरं केलंस," असंही म्हणाल्या. नुसती सुरुवात जाणवत असेल तर पायांवर पाय ओलांडून उभं राहून मांड्या आणि कुल्ले घट्ट आवळून धरायचे, त्याने रक्तदाब थोडा टिकतो. शुक्रवारी एका वेळी मी तसं केलं आणि निभावलं. तर मोजे: त्यांनी संध्याकाळी पोटऱ्या कमी भरून आल्या, एवढं नक्की. त्यांच्यामुळे चक्कर टळेल अशा भरवशावर घेऊ नका. चक्करेवर उपाय म्हणजे खाऊन जाणं, पाणी पिणं, गुडघे ताठ न ठेवता मधूनमधून पाय हलवत राहणं, आणि वेळेत तोंड उघडणं.

आता कोट. पांढरा, पूर्ण बाह्यांचा, तीन खिशांचा. शिवण चांगली, कापड चांगलं, मापही बरोबर. तरी शॅडोइंगसाठी मी त्याला ५ पैकी १ देते, कारण सोमवारी जे झालं ते त्या कोटामुळे झालं.

मॅडम फोनवर बोलायला दोन मिनिटं बाहेर गेल्या होत्या. समोर एक आजी बसल्या होत्या, मांडीवर रिपोर्टची पिशवी. त्यांनी माझ्या कोटाची बाही धरली आणि हळू आवाजात विचारलं, "डॉक्टर, साखर एवढी वाढलीय, माझा पाय कापायला लागेल का?" त्यांना हे मॅडमना विचारायचं धाडस होत नसावं, आणि माझ्यासारख्या लहान डॉक्टरला विचारणं सोपं वाटलं असावं. मी म्हणाले, "आजी, मी डॉक्टर नाही, विद्यार्थिनी आहे. मॅडम आल्या की त्यांना विचारा, मी आठवण करते." त्यांनी बाही सोडली. एकदम नाही, एकेक बोट सोडत गेल्या. मग पिशवीची गाठ उगाच सोडून परत बांधली. मॅडम आल्यावर मी म्हटलं, "आजींना पायाबद्दल विचारायचंय." मॅडमनी खुर्ची पुढे ओढली, आजींचे दोन्ही पाय स्वतःच्या हातात घेऊन बोटांच्या बेचक्या बघितल्या, टाचा बघितल्या, आणि मग सावकाश समजावून सांगितलं. आजींचा प्रश्न योग्य माणसापर्यंत पोचला, पण आधी चुकीच्या माणसापाशी अडखळला, आणि ते माझ्या अंगावरच्या कपड्यामुळे.

त्याच संध्याकाळी मी दहावी वस्तू घेतली: प्लास्टिकच्या पाकिटातला, चिमट्याने लावायचा बिल्ला. आतल्या कार्डावर वर मोठ्या अक्षरात 'विद्यार्थिनी' आणि खाली लहान अक्षरात माझं नाव. बहुतेक ओळखपत्रांवर नेमकं उलटं असतं, नाव मोठं आणि बाकी सगळं बारीक. पेशंटला आपलं नाव नंतर कळलं तरी चालतं, आपण कोण नाही हे आधी कळायला हवं. अक्षरं दोन मीटरवरून वाचता येतील एवढी ठेवा. मी दोन सेंटिमीटर उंचीची काढली. गळ्यात अडकवायची दोरी घेऊ नका. वाकलं की ती पेशंटच्या अंगावर लोंबते, आणि ती रोज धुतं कोण? चिमटा खिशाच्या वरच्या कडेला लावायचा. मंगळवारपासून मला कुणीही डॉक्टर म्हटलं नाही. या बिल्ल्याला ५ पैकी ५, आणि अजून देता आले असते तर दिले असते.

कोट बुधवारपासून घरीच राहिला. साधा, कोपरापर्यंत बाह्यांचा, गडद रंगाचा कुर्ता पुरला. बाह्यांचं कारण नुसतं दिसण्याचं नाही. लांब बाहीची कड खाटांना, पडद्यांना, टेबलांना घासत जाते आणि हात धुताना मनगटापर्यंत पाणी पोचू देत नाही. इंग्लंडच्या सरकारी रुग्णालयांना याच कारणासाठी २००७ मध्ये सूचना दिल्या गेल्या की पेशंटजवळ काम करताना कोपराच्या खाली बाही, घड्याळ, दागिना काही नको. तुमच्या डॉक्टरांच्या रुग्णालयात कोट सक्तीचा असेल तर घालावाच लागेल, पण आधी विचारा. विचारायच्या आधी विकत घेऊ नका.

परवानगीचं इथेच सांगते. मॅडम प्रत्येक पेशंटला म्हणायच्या, "ही विद्यार्थिनी आहे. इथे थांबली तर चालेल का? नको असेल तर मोकळेपणाने सांगा." पाच दिवसांत दोघांनी नको म्हटलं. दोन्ही वेळा मी लगेच उठून बाहेर गेले आणि दार ओढून घेतलं. चेहरा पाडायचा नाही, "काही हरकत नाही" म्हणत रेंगाळायचं नाही. बिल्ला असल्यामुळे हा प्रश्न विचारणं मॅडमनाही सोपं गेलं असावं.

आता वही, जिच्यासाठी खरं तर हे सगळं लिहायला बसले.

मी घेतलेली पहिली वही ए-सिक्स आकाराची होती, म्हणजे १०५ बाय १४८ मिलिमीटर. वर स्प्रिंग आणि पानांना फाडायची सोय म्हणून बारीक भोकांची रेघ. आकार अगदी योग्य, खिशात पूर्ण मावते, एका हातात धरून उभ्याने लिहिता येतं. जाहिरातीत लिहिलं होतं की पान सहज फाटतं, आणि मला तो गुण वाटला.

मंगळवारी राउंडमध्ये मी भराभर लिहीत होते. सातव्या खाटेवर एक काका होते. ते मॅडमशी खालच्या आवाजात काहीतरी बोलले आणि शेवटी म्हणाले, "मुलाला एवढ्यात सांगू नका." मी लिहिलं: "बेड ७, काका, पन्नाशी, डावा पाय, मुलाला सांगू नका म्हणाले." नाव लिहिलं नव्हतं. मला वाटलं, नाव नाही म्हणजे काळजी घेतली.

राउंड संपल्यावर पाणी प्यायला गेले, तेव्हा वॉर्डातल्या वयस्क सिस्टर माझ्यामागे आल्या. त्यांच्या हातात चार घड्या घातलेला कागद होता. अक्षरं आत, कोरी बाजू बाहेर. त्यांनी तो उघडला नाही, तसाच माझ्या तळहातावर ठेवला आणि माझी बोटं मिटवली. "तुझं अक्षर आहे ना, बाळा? पाण्याच्या मशीनजवळ पडला होता." मशीनसमोर बाकडं होतं, बाकड्यावर नातेवाईक बसलेले. मी तिकडे बघितलं. तेव्हा सिस्टर म्हणाल्या, "कडेला बसलाय ना निळ्या शर्टात, तो त्यांचा मुलगा. मी आधी पोचले."

मी खरंच गारठले. मॅडमना जाऊन सगळं सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. कागद बारीक फाडून कचऱ्यात टाकला आणि म्हणाल्या, "वॉर्डमध्ये बेड नंबर म्हणजे नावच. आणि त्यांनी जे फक्त मला सांगितलं, ते तू लिहायला नको होतंस. ते शिकण्यासाठी लागणारं नव्हतं." या शेवटच्या वाक्यावर मी रात्री बराच वेळ विचार केला. त्या कागदावरून मी वैद्यकातलं काय शिकणार होते? काहीच नाही. ती त्या काकांची गोष्ट होती आणि ती मी उचलून खिशात घातली होती. डॉक्टरांच्या दोन हजार वर्षांहून जुन्या शपथेत, हिपोक्रॅटिक शपथेतसुद्धा हे आहे: उपचार करताना जे दिसेल, ऐकू येईल आणि बाहेर बोलण्यासारखं नसेल ते स्वतःपाशी ठेवायचं. ते वाचलं होतं. माझ्याही खिशातल्या वहीला ते लागू आहे, हे तोवर कळलं नव्हतं.

त्या संध्याकाळी अकरावी वस्तू घेतली: शिवलेल्या पानांची वही, तेवढ्याच आकाराची, पुठ्ठा पुसता येईल असा. शिवलेलं पान आपोआप सुटत नाही. घरी बसून सगळ्या पानांवर हाताने आकडे टाकले, म्हणजे एखादं कमी झालं तर लगेच कळेल. स्प्रिंगचा आणखी एक तोटा पहिल्या दिवशीच दिसला होता, तो असा की खाटेच्या पडद्याचे धागे तिच्यात अडकतात. पहिल्या वहीला मी ० देते. वस्तू म्हणून ती वाईट नाही, बाजाराच्या यादीला उत्तम आहे. पेशंटजवळ न्यायची मात्र नाही.

नव्या वहीत लिहायची पद्धतही बदलली. पेशंट लिहायचा नाही, प्रश्न लिहायचा. खाट, तारीख, गाव, नातं, नोकरी, यातलं काही नाही. वयसुद्धा अगदी लागलंच तर 'म्हातारपणी', 'तरुणपणी' एवढंच. उदाहरणार्थ, बुधवारनंतरच्या एका पानावर आहे: "दोन्ही पायांना सारखी सूज असेल आणि एकाच पायाला असेल, तर डॉक्टर वेगवेगळा विचार का करतात?" ओपीडी संपल्यावर मॅडम दहा मिनिटं द्यायच्या, तेव्हा हे विचारलं. दोन्ही पाय सुजले तर हृदय, मूत्रपिंड, यकृत यांच्याकडे बघावं लागतं. एकच पाय अचानक सुजला आणि दुखत असला तर शिरेत रक्ताची गुठळी तर नाही ना हे आधी तपासायचं, कारण ती सुटून फुप्फुसात जाऊ शकते. हे उत्तर मला जन्मभर पुरेल, आणि ते कुणा एका माणसाचं गुपित नाही. वही चुकून बाकड्यावर राहिली तरी त्यातून कुणाची ओळख पटणार नाही.

आणखी एक सवय लावून घेतली. पेशंट रडत असेल किंवा डॉक्टर वाईट बातमी सांगत असतील तेव्हा वही खिशात, हात मोकळे. तेव्हा कागदावर पेन चालत असलं की तेवढा आवाजसुद्धा खोलीत ऐकू येतो.

वहीच्या शेवटच्या दोन पानांवर मी केसपेपरवरची संक्षिप्त अक्षरं लिहून घेतली: ओडी म्हणजे दिवसातून एकदा, बीडी दोनदा, टीडीएस तीनदा, एसओएस गरज पडल्यास, एनबीएम म्हणजे तोंडाने काहीही द्यायचं नाही. हेच 'ओडी' डोळ्यांच्या डॉक्टरांच्या कागदावर उजवा डोळा या अर्थाने येतं, हे मॅडमनी सांगितलं तेव्हा अक्षरांवर डोळे झाकून विसंबायचं नाही हेही कळलं. अशी छापील कार्डं मिळतात. स्वतः लिहिलेलं जास्त लक्षात राहतं, विकत घ्यायची गरज नाही.

पेनं जेलची घेऊ नका. हाताला सॅनिटायझर लावून पान उलटलं की अक्षरं पसरतात. पहिल्या दिवसाच्या दोन पानांवर माझ्याच अंगठ्याचे निळे ठसे आहेत. साधं बॉलपेन टिकलं.

सॅनिटायझरची बाटली मात्र वाया गेली. वॉर्डात जागोजागी आणि प्रत्येक खाटेच्या पायथ्याशी ते असतंच. पण ते वापरायचं कसं, यासाठी तयारी करून जा, ती वस्तूंपेक्षा महत्त्वाची आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूचनेप्रमाणे अल्कोहोलचं द्रावण २० ते ३० सेकंद चोळायचं, आणि साबणाने धुताना सगळी क्रिया ४० ते ६० सेकंदांची. अंगठे आणि बोटांची टोकं सगळ्यात जास्त सुटतात. माझी समजूत होती की मी कुणाला हात लावत नाही, म्हणजे मला फारसं लागू नाही. पण हात कधी स्वच्छ करायचा याच्या पाच वेळांतली शेवटची आहे पेशंटच्या आसपासच्या वस्तूंना स्पर्श झाल्यावर. मी दिवसभरात खाटेच्या कठड्याला किती वेळा हात टेकवला, ते मोजायला गेले तेव्हा थांबले. आणि काही जुलाबाच्या आजारांत, उदाहरणार्थ क्लॉस्ट्रिडियॉइडिस डिफिसिल या जंतूच्या बीजाणूंवर, अल्कोहोल चालत नाही. तिथे साबण आणि पाणीच.

या बाबतीत विद्यार्थ्यांनी एक जुनी गोष्ट माहीत करून घ्यावी असं मला मनापासून वाटतं. व्हिएन्नाच्या मोठ्या रुग्णालयात प्रसूतीचे दोन विभाग होते. एकात सुईणी शिकत, दुसऱ्यात मेडिकलचे विद्यार्थी. विद्यार्थ्यांच्या विभागात बाळंतिणी कितीतरी जास्त मरत होत्या, एप्रिल १८४७ मध्ये शंभरातल्या १८. इग्नाझ सेमेलवाइस या तरुण डॉक्टरच्या लक्षात आलं की विद्यार्थी शवविच्छेदन करून तसेच बाळंतिणींना तपासायला येतात. त्याने क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्यात हात धुणं सक्तीचं केलं आणि जूनमध्ये ते प्रमाण २ टक्क्यांच्या आसपास आलं. ते विद्यार्थी निष्काळजी नव्हते. शिकायला उत्सुक होते, इकडून तिकडे धावत होते. माझ्यासारखेच.

घड्याळाबद्दल थोडं. मनगटी घेतलं होतं, ते चुकलं. खिशाला टाचायचं उलटं घड्याळ हवं, म्हणजे मनगट मोकळं राहतं. सेकंदकाटा मात्र खूप कामाला आला, आणि नाडी मोजायला नाही. गुरुवारी लक्षात आलं की पेशंट बोलायला लागला की मॅडम पेन खाली ठेवतात आणि तो थांबेपर्यंत एक शब्द बोलत नाहीत. अमेरिकेत १९८४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात डॉक्टर सरासरी १८ सेकंदांत पेशंटचं बोलणं तोडतात असं दिसलं होतं, ते मी वाचलं होतं. म्हणून मोजायला लागले. त्या सकाळच्या नऊ पेशंटांपैकी बहुतेक जण दीड मिनिटाच्या आत आपणहून थांबले. सगळ्यात लांब बोलणाऱ्या मावशी दोन मिनिटं दहा सेकंद बोलल्या. गुडघे, अपचन, सुनेचं बाळंतपण, आणि अगदी शेवटी, उठायच्या बेतात असताना, "आणि हल्ली रात्री दोन उशा घ्याव्या लागतात, सपाट झोपलं की दम कोंडतो." मॅडमनी पेन उचललं ते तेव्हा. आडवं झाल्यावर दम लागणं हे हृदय कमजोर झाल्याचं लक्षण असू शकतं, हे त्यांनी नंतर सांगितलं. अठराव्या सेकंदाला मावशी अजून गुडघ्यांवरच होत्या.

राहिला स्टेथोस्कोप. यादीतली माझी सगळ्यात लाडकी वस्तू, आणि पाचही दिवस बॅगेत. शॅडोइंगसाठी घेऊ नका, एवढंच म्हणेन. शिकायची हौस म्हणून घ्यायचा असेल तर घरी बसून स्वतःच्या छातीवर ऐका. कानात घालताना टोकं पुढे, नाकाच्या दिशेने हवीत, कारण कानाची नळी पुढे वळलेली असते. मी पहिले दोन दिवस उलटा घालून 'आवाजच येत नाही' म्हणत होते. सपाट चकती उंच स्वरांसाठी, वाटीसारखी बाजू हलकी टेकवून खोल स्वरांसाठी. कपड्यावरून ऐकलं तर कापडाची खसखसच जास्त. नळी कातडीच्या तेलकटपणाने हळूहळू कडक होते, म्हणून वापरून झाल्यावर अल्कोहोलच्या बोळ्याने पुसायची. माझ्याकडच्याची कानातली टोकं कडक आहेत, पंधरा मिनिटांत दुखतात. ५ पैकी ३.

शुक्रवारी शेवटच्या तासाला मॅडमनी एका पेशंटला विचारलं, "काका, या मुलीला तुमच्या हृदयाचा आवाज ऐकू देता का? तुमच्या तपासणीसाठी नाही, तिला शिकायला." काका म्हणाले, "ऐकू दे की." मॅडमनी स्वतःचा स्टेथोस्कोप माझ्या कानाला लावला, चकती आधी स्वतःच्या तळहातात धरून गरम केली, आणि डाव्या स्तनाग्राच्या खाली स्वतःच टेकवली. लब, आणि लगेच डबपर्यंत लांबणारा फुसकारा. घरी माझ्या छातीत ऐकलेली ती मधली शांतता इथे नव्हतीच. झडप नीट मिटत नाही आणि रक्त मागे येतं, त्याचा तो आवाज. १८१६ मध्ये पॅरिसमध्ये रेने लेनेक यांना एका तरुण बाईच्या छातीला कान लावणं प्रशस्त वाटेना, म्हणून त्यांनी कागदाची सुरळी करून ऐकलं, आणि त्यातून हे उपकरण निघालं. मला चकती गरम करणारा मॅडमचा हात बघताना ते आठवलं. मी काकांना "धन्यवाद, काका" म्हटलं. ते म्हणाले, "ऐकू आलं ना नीट?"

टॉर्च वापरली नाही. अत्तर, वासाचा डिओ काही लावू नका. दम्याच्या आणि मळमळणाऱ्या पेशंटांना त्रास होतो. मास्क तिथेच मिळाले. आणि खरेदीच्या कितीतरी आधी करायचं काम म्हणजे लसी विचारून घेणं. हिपॅटायटिस बी-चे नेहमीचे तीन डोस सहा महिन्यांत पूर्ण होतात, त्यामुळे आदल्या आठवड्यात आठवून उपयोग नसतो. माझे लहानपणीच झाले होते, ती नोंद शोधायलाच दोन दिवस गेले.

पुढच्या महिन्यात दोन दिवस ऑपरेशन थिएटरमध्ये उभं राहायला मिळणार आहे. निर्जंतुक केलेल्या टेबलापासून हातभर लांब, हात छातीपाशी बांधून, तिकडे पाठ न करता. बूट धुऊन ठेवलेत, बिल्ल्यात नवीन कार्ड घातलंय. वहीची ३१ पानं भरली आहेत, बाकीची कोरी आहेत, आणि ती या वेळी बाहेर लॉकरमध्ये ठेवायची आहे. मॅडमनी सांगितलंय, "आत फक्त बघायचं. लिहायचं ते बाहेर आल्यावर, जेवढं आठवेल तेवढं."